दुपारी बोलणारा

४ जानेवारी

धाकट्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. मोबाइलवर टाइप करून बोलायचा मला कंटाळा आलाय. मी दोन ओळी लिहीपर्यंत तुझी तीन हसरी तोंडं येऊन पडतात आणि विषय संपतो. पत्रात निदान मधे कोणी नाक खुपसत नाही.

परवा तपासणीला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहे, तुम्ही पूर्ण बरे झालात. मी पाटीवर लिहिलं, ‘कोण?’ ते खो खो हसले. मी काही विनोद केला नव्हता.

बरा झालेला माणूस कसा असतो ते सांगतो. कॅन्सर गेला, जाताना स्वरयंत्र घेऊन गेला. श्वास गळ्यापुढच्या भोकातून चालतो, त्यावर तुझ्या वहिनीने शिवलेला कापडी पडदा. नाकातून हवा जात नाही म्हणून वासही नाही. मागे दूध करपून घरभर धूर झाला आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. चहावर फुंकर मारता येत नाही. रेडिएशनचा शेक दिल्यापासून तोंडाला लाळ नाही, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो. मला जेवायला इतका वेळ लागतो की समोरच्याचा हात वाळतो. म्हणून मी आधी नाहीतर मागाहून, एकटाच जेवतो. लोकांना वाटतं मी बहिरा झालोय. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर माझ्या हातातली पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिलं, ‘कसे आहात?’

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला गाडीतून काढून टेबलावर बसवलंय, त्यांचंही बरोबर आहे. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, पण ब्रेकच्या आधी ‘हळू’ म्हणावं लागतं. न बोलता ब्रेक मारणारा मास्तर शेजारी बसला, तर शिकणारा स्टिअरिंगच सोडून देईल.

दवाखान्याने एक यंत्र दिलंय, टॉर्चएवढं. ते गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. ते घरघरतं आणि त्या घरघरीतून शब्द निघतात, सगळे एकाच पट्टीत. आवाज शिकवणाऱ्या बाई म्हणतात, रोज घरच्यांशी बोला, नाहीतर तोंडाची सवय मोडेल आणि पाटीच कायमची गळ्यात पडेल. पहिल्या दिवशी मी त्यातून तुझ्या वहिनीला हाक मारली. ती भिंतीला जाऊन टेकली. मी यंत्र कपाटात ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

आता पत्राचं खरं कारण. मागच्या आठवड्यात ऑफिसची वीज गेली म्हणून दुपारी लवकर घरी आलो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते, तुला माहीत आहे. तिथपर्यंत आलो आणि आत एक माणूस बोलत होता. शब्द कळले नाहीत, पण आवाज माझा होता. मागून तुझी वहिनी हसली. अशी ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. मी बेल वाजवली. दार उघडायला तिने वेळ लावला. आत कोणी नव्हतं. हात धुवायच्या निमित्ताने मी बाथरूमसुद्धा बघून आलो.

पहिल्यांदा तूच मनात आलास. आपला आवाज एक. मी दांडी मारली की माझ्या साहेबाला ‘ताप आहे’ म्हणून तूच फोन करायचास. लग्नाआधी तुझ्या वहिनीचा फोन आला आणि मी अंघोळीला असलो तर माझ्या नावावर तूच गप्पा मारायचास. म्हणून सरळ विचारतो. तू तिला फोन करतोस का?

तुझा दादा

१३ जानेवारी

दादा,

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी ते फोडलं आणि बिचाऱ्याला चष्म्याची चुकीची काच लावून बसवलं. तो म्हणाला, मला दोन दोन तुम्ही दिसताय. मी म्हटलं, सवय आहे लोकांना.

नाही रे, मी वहिनींना कुठला फोन करतोय? दुपारी तर दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. शेजारच्यांचा रेडिओ असेल. जिन्यात आवाज घुमतो, खालचा वरून आल्यासारखा वाटतो. आणि दादा, रागावू नकोस, पण एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचं मन कधी कधी खेळ करतं. ज्याचा पाय काढतात त्यालाही म्हणे नसलेल्या पायाला खाज येते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सांग. त्याचीही औषधं असतात.

ते यंत्र मात्र कपाटातून बाहेर काढ. वहिनी दचकल्या तर दचकू दे. तू गाडी शिकवायचास तेव्हा काय म्हणायचास? गाडी बंद पडली म्हणून कोणी रस्त्यात उतरून घरी जात नाही, परत चावी फिरवायची.

तू विचारलं नाहीस तरी लिहितो, मी तुला फोन करत नाही त्याचं कारण वेगळं काही नाही. मी एकटाच बोलायचं आणि तू नुसतं ऐकायचं, हे मला जड जातं. तुझी धाकटी भावजय तुझी चौकशी करते.

तुझाच

२९ जानेवारी

धाकट्या,

तू ‘नाही’ म्हणालास आणि मी विश्वास ठेवला. तू पूर्वी खोटं बोललास ते माझ्यासाठी, माझ्याशी कधी बोलला नाहीस. आता उरलेली गोष्ट फार वाईट आहे.

मंगळवारी सकाळी निघताना मी पाटीवर लिहिलं, ‘डाव्या बुटाचा तळ सुटलाय. दुरुस्तीला टाक. आजच.’ तुझ्या वहिनीने वाचून मान हलवली आणि पाटी पुसली. दुपारी मी मुद्दाम लवकर आलो आणि जिन्यात, खिडकीखाली उभा राहिलो. आत तो बोलला. ‘डाव्या बुटाचा तळ सुटलाय. दुरुस्तीला टाक. आजच.’ ‘आजच’वर जोर देऊन, मी द्यायचो तसा. कठडा धरून मी खालीच बसलो. सकाळी मी लिहिलेलं, पुसून गेलेलं वाक्य दुपारी माझ्या घरात कोणीतरी माझ्या आवाजात म्हणत होतं. जगात ते वाक्य दोघांनाच माहीत होतं, मला आणि तिला.

मी आत गेलो तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तोंडावर हसू होतं. मी लिहिलं, ‘कोण होतं?’ ती म्हणाली, ‘कोण असणार?’ तुझी वहिनी खोटं बोलताना उलट प्रश्न विचारते.

मला भूतबित काही पटत नाही. पण मग एक विचार येतो आणि जाता जात नाही. ऑपरेशनला जाताना आम्ही दोघं या घरातून निघालो, मी आणि आवाज. परत मी एकटा आलो. तो माझ्याआधीच येऊन बसला असेल तर? त्याच्या गळ्याला भोक नाही, त्याला कोरड नाही, ती त्याच्याशी हसते. माझ्याशी ती हळू, नीट बोलते, पाहुण्याशी बोलतात तसं. संध्याकाळी मी घरात शिरतो तेव्हा मला वाटतं, मीच कोणाच्या तरी घरात आलोय.

बाईंचा निरोप आलाय. यंत्र दवाखान्याचं आहे, वापरत नसाल तर मार्चअखेर परत करा, दुसरे पेशंट थांबलेत. परत करतो म्हणून कळवून टाकलं. घरात बोलणारा एक आहेच.

तुझा दादा

५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या बालवाडीच्या पत्त्यावर लिहितोय, माफ करा. घरी पाठवलं असतं तर दादाच्या हातात पडलं असतं. फोनवर मला हे सांगता येत नाही. फोनवर मी काही बोलायला लागलो की तुम्ही माझं ऐकत नाही, त्याचं ऐकता.

आपण हे थांबवू या. पहिल्या दिवशी तुम्ही रडत म्हणालात, एकदाच ‘अगं, ऐकलंस का’ असं म्हणा ना, त्यांच्यासारखं. मी म्हणालो. त्यात मला काही वाईट वाटलं नाही, उलट वाटलं, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो. मग तुम्ही रोज पाटीवरचं सांगायला लागलात आणि मी रोज म्हणायला लागलो. दादाने ते जिन्यातून ऐकलंय. दोनदा. त्याला वाटतंय घरात कोणीतरी आहे. मला त्याने सरळ विचारलं आणि मी तोंड वर करून ‘नाही’ म्हणालो. आता तो स्वतःलाच भूत समजायला लागलाय. त्याचं पत्र वाचून मी शटर अर्धं ओढून आत बसलो.

तो यंत्र परत करणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? एकदा ते गेलं की तो पुन्हा बोलायचा नाही, मी ओळखतो त्याला. तुम्ही त्याला सगळं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगतो, पण तोवर दुपारी फोन करू नका. मी उचलणार नाही.

तुमचा भाऊजी

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मुलांच्या गोंगाटात वाचलं. एक पिटुकली विचारत होती, बाई, तुमचं नाक का वाहतंय? मी म्हटलं, सर्दी झालीय.

तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. यंत्राचं मात्र मला माहीत नव्हतं. ते कपाटात असतं, माझ्या साड्यांशेजारी. मी रोज कपाट उघडते आणि त्याच्याकडे बघत नाही.

हे यंत्रातून बोलले तेव्हा मी दचकले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, कुठली तरी वायर जळतेय. वळून बघितलं तर ते हे होते, आणि माझं नाव घेत होते. त्यांनी माझा चेहरा बघितला. त्यांनी यंत्र ठेवून दिलं आणि भाऊजी, मला सुटल्यासारखं वाटलं. ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मला माझीच लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

पाटीचं सांगते. ह्यांनी लिहिलेलं मी वाचते ना, तेव्हा मनात माझाच आवाज ऐकू येतो. ‘भात मऊ कर’ हे मीच म्हणते आणि ‘करते’ हेही मीच म्हणते. दिवसभर घरात मी एकटीच बोलते, दोघांचं. सुरुवातीला ह्यांचा आवाज आठवायचा. मग एके दिवशी आठवायला बसले आणि आलाच नाही. चेहरा येतो, हात येतात, ओरडताना कपाळावरची शीर येते, आवाज येत नाही. मी घाबरले. माणूस समोर बसलेला असताना त्याची आठवण विसरायला लागलं तर काय करायचं? म्हणून तुम्हाला फोन केला.

लग्नाआधी तुम्ही दोघं मला फोनवर फसवायचात, असं तुम्हाला वाटतं. मला दुसऱ्या वाक्याला कळायचं. मी मुद्दाम बोलत राहायचे, म्हटलं बघू किती वेळ खेचताय. आताही कळतं. पण आता मी कळून घेत नाही.

मी सांगेन ह्यांना. मला थोडे दिवस द्या. आणि फोन उचलणार नाही असं म्हणू नका. उचला. एवढं ऐका माझं.

तुमची वहिनी

३ मार्च

धाकट्या,

काल दुपारी तू माझ्या स्वयंपाकघरात होतास.

मी चपला हातात घेऊन जिना चढलो, किल्लीने दार उघडलं आणि पॅसेजमध्ये उभा राहिलो. पूर्वी मी घरी येतोय हे खालच्या मजल्यापासून कळायचं. आता मी कुठेही जाऊन उभा राहू शकतो. तुझी वहिनी पाठमोरी बसली होती. साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला होता आणि त्यातून तू म्हणालास, ‘सूप फार गरम आहे. थांब जरा.’ मी सकाळी लिहिलेलं. ती म्हणाली, ‘असं नाही. आधी थांबतील, मग म्हणतील.’ तू पुन्हा म्हणालास. ती म्हणाली, ‘आता चिडून.’ तू चिडून म्हणालास.

मी आलो तसा गेलो. ऑफिसचे कागद पोचवायला घेतलेली शिकवायची गाडी खाली उभी होती, तिच्यात माझ्या बाजूला बसलो आणि ब्रेकवर पाय ठेवून रडलो. माझ्या रडण्याला आवाज नाही, नुसती गळ्यातून हवा जाते. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं असेल, माणूस गिऱ्हाइकाची वाट बघतोय.

शिव्या द्यायच्या होत्या तुला, चार पानं भरून. मी वेडा झालोय असं मला वाटत होतं आणि तू लिहीत होतास, त्याचीही औषधं असतात. मी गेलो असतो डॉक्टरकडे. गोळ्या घेतल्या असत्या आणि जिन्यात ऐकलेलं ऐकलंच नाही, असं मान्य केलं असतं. सख्ख्या भावाने हे करावं?

पण रात्र गेली आणि राग उतरला. तिला मी तिच्यासमोर बसलेला पुरत नाही आणि तू लांबून पुरतोस, यात तुझा दोष नाही. तिचाही नाही. मी तिला अजून काही बोललेलो नाही. मी तिथे होतो हे तिला माहीतच नाही.

माझं एक काम कर. शेवटचं. ती फोन करेल तेव्हा माझा म्हणून बोल. जसंच्या तसं बोल, तुला सवय आहे. ‘मी आता येणार नाही. तू मला बोलवू नकोस. माझ्या जागी जो राहिलाय त्याला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. त्याच्याशी जमवून घे.’ एवढंच. मग फोन ठेव आणि पुन्हा उचलू नकोस. ऑपरेशनला नेताना तिचा निरोप घ्यायचा राहून गेला. तो आवाज निरोप न घेताच गेला, म्हणून घुटमळतोय. यंत्र महिनाअखेर परत जाईलच.

तुझा दादा

११ मार्च

दादा,

मी हे करणार नाही.

तुझे पाय धरतो, पायावर डोकं ठेवतो, खोटं बोललो त्याची हवी ती शिक्षा दे. पण हे वाक्य माझ्या तोंडून यायचं नाही. जिवंत माणसाचा निरोप मी घेणार नाही.

माझं काय झालंय ते तुला कोणी सांगितलं नाही. परवा जेवताना मी धाकटीला म्हटलं, मीठ दे. तिने भांडं पुढे केलं आणि म्हणाली, तुम्ही दादांसारखं म्हणालात, तुमच्यासारखं म्हणा. मला जमेना. माझं कसं असतं तेच आठवेना. दुकानात ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ हे मी आयुष्यभर विचारत आलो, तेही हल्ली घशात अडकतं. वाटतं, हे मला कोणीतरी सांगितलंय म्हणून मी म्हणतोय. काल एका म्हाताऱ्या बाईंना मी प्रश्न कागदावर लिहून दाखवला. त्या म्हणाल्या, अहो, वाचता येत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? तू एक मुका झालास, दादा, आणि मी तुझ्या मागोमाग निघालोय.

आणि तू दारात उभं राहून ऐकलंस, पण उलटं ऐकलंस. त्या मला सुधारत होत्या. रोज सुधारतात. ‘आजच’वर जोर मी माझ्या मनाने दिला नव्हता, त्यांनी सांगितला होता. मी एकदा म्हटलेलं त्यांना कधीच पटलं नाही. ह्या शब्दावर थांबतील, इथे हसतील, हे म्हणताना मान वळवतील, असं सगळं सांगून मग म्हणायच्या, आता म्हणा. माझ्याजवळ नुसता आवाज होता. तू कसा बोलतोस ते सगळं त्यांच्याकडे आहे, जसंच्या तसं. माझ्या जागी काहीही चाललं असतं. यंत्र मीच होतो, दादा, आणि फार चांगलं नव्हतो. तुझ्या कपाटात आहे ते माझ्याहून बरं असेल, कारण ते तू धरशील.

त्या पुन्हा दचकतील. मी काही वचन देत नाही. पण एकदा दचकल्या म्हणून तू आयुष्यभर गप्प बसायचं ठरवलंस, हे मला पटत नाही. शिकवणीतली पोरं तुझ्या शेजारी बसून गाडी खांबावर घालायची, त्यांना तू दुसऱ्या दिवशी परत बोलवायचास.

मी फोनवरचं हे बोलणं बंद करतोय. वहिनींचा आला तरी आता उचलणार नाही.

तुझा धाकटा

७ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही फोन उचलला नाहीत तेव्हा मी तुमच्यावर खूप चिडले. आता नाही चिडलेली.

काल सकाळी मी चहा घेत होते आणि हे समोर येऊन बसले. चहाला समोर बसून किती महिने झाले होते! हातात ते यंत्र. मला वाटलं, दवाखान्यात द्यायला घेऊन चाललेत, तारीख तर उलटून गेली होती. ह्यांनी ते गळ्याला लावलं आणि काहीतरी बोलले. मी परत दचकले, भाऊजी. ठरवून ठेवलं होतं की दचकायचं नाही, तरी हातातला चमचा पडला. ह्यांनी बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं, आता उठतील. ते उठले नाहीत. परत बोलले.

मला काही कळेना. मी म्हटलं, दार लावू? ‘नाही’ म्हणून मान हलवली. पाणी देऊ? परत मान हलवली. चिडले. यंत्राला चिडता येत नाही, पण कपाळावर शीर आली, तीच. मी बघत राहिले. मग सवयीने ह्यांचा हात पाटीकडे गेला. मी पाटी ओढून घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. हे हसायला लागले. ह्यांच्या हसण्याला आवाज नाही, नुसते खांदे हलतात आणि गळ्यावरचा पडदा फडफडतो. मला ते कधी माहीतच नव्हतं, कारण इतक्या दिवसांत हे हसलेच नव्हते.

चौथ्यांदा कळलं. ते विचारत होते, ‘तू त्याला काय काय म्हणायला सांगायचीस?’ म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं. मग मी सांगायला बसले, एकेक वाक्य, आणि हे एकेक वाक्य यंत्रातून म्हणून दाखवायला लागले, बुटाचं, भाताचं, सुपाचं. सगळी एकाच सुरात. पण थांबायचं तिथे थांबत होते. शाळेत पोचायला मला उशीर झाला. आज दवाखान्यात जाऊन यंत्र ठेवून घेतो म्हणून सांगून आलेत, बाईंशी त्यातूनच बोलले म्हणे.

सगळं छान झालं असं समजू नका. एका वाक्याला तीनदा विचारावं लागतं, दोघंही वैतागतो. दुपारी अजून हात फोनकडे जातो. स्वयंपाकघरात त्या वेळी कोणीतरी असल्यासारखं वाटतं मला, बोलायचं थांबलेलं. मी त्याला हाकलत नाही. भांडी घासते.

तुमची वहिनी

२२ एप्रिल

दादा,

काल धीर करून फोन लावला. वहिनींनी उचलला. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं आणि त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, थांबा, ह्यांना देते.’ लगेच. पूर्वी माझ्या हॅलोनंतर त्या थोडं थांबायच्या. तेवढ्या वेळात मी कोण असायचो, ते मला अजून धड माहीत नाही.

मग तू आलास. खरं सांगतो, मी फोन कानापासून लांब धरला. धाकटी बघत होती, म्हणून परत लावला. तू बरंच बोललास. मी हो हो करत राहिलो. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, दादा. शेवटी तू एकच वाक्य तीनदा म्हणालास, आणि मी तिन्ही वेळा ‘बरोबर आहे’ म्हटलं, आणि तू फोन ठेवलास.

कालपासून तेच डोक्यात चाललंय. दुकानात काचा बदलतोय आणि ते वाक्य जुळवून बघतोय. मला शिव्या दिल्यास का? माफ केलंस का? काय म्हणालास? तेवढं एक वाक्य लिहून पाठव.

तुझा धाकटा

२९ एप्रिल

धाकट्या,

लिहिणार नाही. फोन कर. कळेपर्यंत सांगतो.

दादा